सातव्या व्याख्यानाची राखण

रत्नागिरी,
बुधवार, ८ एप्रिल

तीर्थरूप मामांस,

आत्मारामचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि मामींची साखर मामींचं ऐकत असेल, अशी आशा आहे. मंडणगडला उकाडा इकडच्यापेक्षा कमी असतो असं तुम्ही दरवर्षी सांगता आणि आम्ही दरवर्षी मानतो, यंदाही मानलं आहे. इकडे सर्व खुशाल. सर्व म्हणजे श्रद्धा खुशाल आहे, मांजर खुशाल आहे आणि मी गळ्याच्या वर व गळ्याच्या खाली पूर्ण खुशाल आहे.

गळ्याचंच सांगायचं आहे. सोमवारपासून तुम्ही चार वेळा फोन केलात आणि चारही वेळा श्रद्धाने “ते बोलू शकत नाहीत” असं सांगितलं. चौथ्या वेळी तुम्ही न बोलता फोन ठेवलात, त्यावरून भाचा शिष्ट झाला असं तुम्हाला वाटलं असणार. तसं नाही. डॉक्टरांनी मला पंधरा दिवसांचं मौन दिलं आहे. एक शब्दसुद्धा नाही, असं ते म्हणाले, मी “बरं” म्हटलं, तर एक वाया गेला म्हणाले. तेव्हापासून घरात मी पाटीवर लिहून चहा मागतो. (श्रद्धाला वाचायला चष्मा लागतो आणि चहाच्या वेळी तो नेमका सापडत नाही.) पाटीवर मावणार नाही असा मजकूर असल्यामुळे हे पत्र.

मूळ गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, पण संस्थेच्या बैठकीत तुम्ही बरेचदा डोळे मिटून विचार करत असता, म्हणून पुन्हा सांगतो. आमच्याकडे प्रथम वर्ष वाणिज्यला गणित आणि संख्याशास्त्र सक्तीचं आहे. दुसरे शिक्षक निवृत्त झाले, त्यांची जागा भरली गेली नाही, आणि तीन तुकड्या एकाच सभागृहात एकत्र बसवून माझ्या पुढ्यात ठेवण्यात आल्या. तीनशे बारा मुलं. शेवटच्या बाकावरून मी खडूएवढा दिसतो म्हणतात. माइक आहे, पण तो माझ्यापेक्षा जास्त शिट्ट्या वाजवतो आणि मुलं त्याला साथ देतात. तेव्हा माइक बंद करून मी गळ्यावर शिकवत आलो, आणि दिवाळीनंतर गळ्याने हात टेकले. स्वरतंतूंवर गाठी आहेत, सभागृह तरी ठेवा नाहीतर आवाज तरी, असं डॉक्टरांनी सांगितलं. प्राचार्यबाईंनी फार मायेने जूनपासून परीक्षा विभाग सुचवला. तिथे उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांना दोरी बांधायची असते आणि बोलण्याचा प्रश्नच येत नाही. मामा, मला निवृत्तीला तीन वर्षं आहेत. ती दोरी बांधण्यात गेली तर मी माणसातून उठेन, हे मी तुम्हाला तेव्हाही सांगितलं होतं आणि आजही तेच सांगतो.

म्हणून ती योजना. शिकवायचं ते मी आधीच बोलून, चित्रित करून ठेवायचं, मुलांनी ते घरी हवं तेव्हा, हवं तितक्या वेळा पाहायचं, आणि वर्गात मी बाकांमधून फिरत त्यांच्याकडून गणितं सोडवून घ्यायची. म्हणजे गळा वाचतो आणि मुलंही वाचतात. संस्थेत निम्म्या लोकांनी याला घरबसल्या पगार असं नाव ठेवलं होतं. तुम्ही उपाध्यक्षाच्या खुर्चीतून उठून एक सत्र करून बघू म्हणालात, आणि तुमच्या शब्दावर ते झालं. हे उपकार मी विसरलेलो नाही. पुढचं वाचताना ते मी विसरलो आहे असं तुम्हाला वाटेल, म्हणून आत्ताच नोंदवून ठेवतो.

चित्रीकरण जिमखान्याच्या खोलीत झालं. आवाज घुमू नये म्हणून दोन्ही बाजूंनी कुस्तीच्या गाद्या उभ्या केल्या होत्या आणि मधल्या फटीत मी. कॅमेऱ्यामागे संगणक विभागातला अयूब. (हुशार माणूस. त्याने पहिल्याच दिवशी बजावलं की बारा मिनिटांच्या पुढे कोणी कोणाचं ऐकत नाही. त्याच्या लग्नाला पाच वर्षं झाली आहेत.) कॅमेऱ्याशी बोलणं फार अवघड असतं, मामा. सवयीने मी दर दोन मिनिटांनी “समजलं का” विचारायचो आणि उत्तराची वाट बघत थांबायचो. शेवटी अयूबला दया येऊन तो मान हलवू लागला. तेवढ्या एका विद्यार्थ्याच्या भरवशावर मी वीस व्याख्यानं दिली.

त्यातलं सातवं सरासरीवर आहे आणि त्यात मी सव्वीस वर्षं चालवलेलं उदाहरण आहे. पाच कलमं आहेत. चार कलमांवर दोन-दोन डझन आंबे, पाचव्यावर ब्याण्णव डझन. सरासरी आली वीस डझन. आता वीस डझनाचं कलम मला बागेत जाऊन दाखवा. नाही दाखवता येणार, कारण एक दांडगा आकडा सगळ्यांना आपल्यामागे ओढत नेतो. म्हणून अशा वेळी सगळ्यांना चढत्या क्रमाने उभं करावं आणि मधोमध जो येईल त्याचा आकडा बघावा, तो खरा. इथवर आलो आणि पाहिलं तर अयूबचे डोळे मिटलेले. जेवणानंतरची वेळ होती, त्याचा दोष नाही. पण मी सव्वीस वर्षांच्या सवयीने ओरडलो की ए मागचे, झोपायचं असेल तर घरी जा, बापाने इथे यासाठी पाठवलंय का. खोलीत मागचे कोणी नव्हते, बाकही नव्हते. अयूबने ते नंतर कापलं नाही. अस्सल वाटतं म्हणाला.

मार्चमध्ये अहवाल द्यायची वेळ आली. अयूबने यंत्राला विचारून सांगितलं की व्याख्यानं एकूण तीन हजार पाचशे सत्तावन्न वेळा पाहिली गेली, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्यामागे सरासरी अकरा पूर्णांक चार वेळा. मामा, त्या दिवशी मी घरी चालत आलो तो जमिनीला पाय न लावता. अकरा पूर्णांक चार. वर्गात जी मुलं एकदा ऐकायला तयार नाहीत, ती घरी जाऊन अकरा वेळा ऐकतात. आणि वर ते पूर्णांक चार. कोणीतरी बाराव्यांदा लावून जेवायला उठलं असणार, असं समजून मला भरून आलं. प्राचार्यबाईंनी आकडा टिपणात घातला, सूचनाफलकावर लावला, तुम्ही तो दापोली-चिपळूणच्या संस्थांना फोन करून कळवलात, आणि येत्या शनिवारच्या बैठकीत त्याच्या जोरावर योजना कायम होणार हे ठरल्यासारखं झालं. हा आकडा कोणाकोणाला मोजून आला, हे मी विचारलं नाही. जे मी तीनशे बारा मुलांना सातव्या व्याख्यानात विचारायला शिकवतो, ते मी स्वतः विचारलं नाही. कौतुक चाललेलं असताना माणूस खोलात जात नाही, हा माझा अनुभव आहे.

त्याऐवजी मी अयूबला एवढंच विचारलं की सगळ्यात जास्त वेळा कोणी पाहिलं. मला त्या विद्यार्थ्याला बक्षीस म्हणून पेन द्यायचं होतं. किती वेळा, ते विचारलं नाही. ज्ञानेश्वरी असं नाव निघालं, गाव पावसजवळ, आईचं नाव सगुणा, घरच्या कलमांची बाग. ही मुलगी वर्गात पहिल्या बाकावर बसते, चाचणीत वीसपैकी अठरा. मला वाटलं, झालं, सिद्ध झालं. परवाच्या रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून, पेन खिशाला लावून, स्कूटरवरून पावसच्या रस्त्याला लागलो.

बागेच्या अलीकडे वळणावर मला कोणीतरी मागून रागावल्यासारखं वाटलं. मी सवयीने स्कूटर बाजूला घेतली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मग परत तोच आवाज आला, झोपायचं असेल तर घरी जा, आणि तो वरून, कलमांच्या शेंड्यांतून येत होता. तुम्हाला सांगतो, स्वतःचा आवाज झाडावरून ऐकू येण्याची माणसाच्या मनाची तयारी नसते. मला आधी वाटलं, उन्हाने होत असेल. पण आवाजाने पुढे पाच कलमांचं उदाहरणही पुरं केलं, आणि उदाहरण माझंच होतं.

फाटकापाशी एक बाई हातात कोयती घेऊन उभ्या होत्या. मी नाव सांगायला तोंड उघडलं, दोन शब्द बोललो असेन, तोच त्यांनी कोयती खाली ठेवली, पदर सारखा केला आणि आत वळून मोठ्याने सांगितलं, “अगो ज्ञानू, सातवे सर आलेत.” त्या सगुणाबाई. मला तिथे आजूबाजूच्या पाच-सहा बागांत सातवे सर म्हणून ओळखतात, हे मला पेन देऊन झाल्यावर हळूहळू कळत गेलं.

झालं होतं ते असं. फेब्रुवारीपासून वांदरांनी उच्छाद मांडला होता. मोहर ओरबाडायचे, बारक्या कैऱ्या तोडून एक चावा घेऊन फेकायचे. घरात माणसं दोन, कलमं ऐंशी. सगुणाबाईंनी फटाके लावून पाहिले, डबे वाजवून पाहिले, रेडिओ टांगला तर वांदर गाणी ऐकत बसले. एक दिवस ज्ञानेश्वरी माझं सातवं व्याख्यान बागेत बसून ऐकत होती, जवळ स्पीकर होता, चौथ्या मिनिटाला मी ओरडलो, आणि अख्खी टोळी बागेचा दगडी गडगा ओलांडून कातळावर पळाली. बाईंनी ते डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवसापासून ज्ञानेश्वरीचा फोन बागेतच. उजाडलं की सातवं लावायचं, मावळलं की बंद करायचं. बारा मिनिटांचं व्याख्यान, बारा तास राखण, म्हणजे दिवसाला साठ वेळा. अहवालाच्या दिवसापर्यंत एकोणपन्नास दिवस झाले होते. “रेडिओवर वांदर डुलतात वो सर,” बाई मला समजावून म्हणाल्या, “पन तुमचा आवाज आला का शेपटी दिसत नाय.” हे त्या कौतुकाने सांगत होत्या. सव्वीस वर्षांत माझ्या शिकवण्याचा परिणाम इतक्या स्पष्ट शब्दांत कोणी सांगितला नव्हता, म्हणून मीही ते कौतुकानेच घेतलं.

(आणि ज्ञानेश्वरी? फोन बागेत, त्यामुळे तिने बाकीची व्याख्यानं मैत्रिणीच्या फोनवर पाहिली. तिच्या स्वतःच्या नावावर जे काही आहे ते सगळं वांदरांचं. सातवं तिला आईने जेवताना शिकवलं.)

एवढ्यात स्पीकरची बॅटरी संपली. वांदरांना याचा वास येतो की काय देव जाणे, पण पाच मिनिटांत वीस-बावीसजण गडग्यावर येऊन बसले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मामा, घरी आलेल्या डॉक्टरकडे माणसं जशी बघतात तशी ती नजर होती. मी शर्टाच्या बाह्या सारल्या, गडग्याच्या एका दगडावर चढलो आणि सातवं व्याख्यान सुरू केलं. पहिली तीन मिनिटं ते बसून राहिले. पुढच्या रांगेतला एक म्हातारा हुप्या तर मान कलती करून माझ्याकडे बघत होता, तसं माझ्याकडे वर्गात कोणी बघितलेलं नाही. मग मी ए मागचे म्हटलं, आणि टोळी उठली. मला चेव चढला. झोपायचं असेल तर घरी जा हे मी दोनदा म्हटलं, आणि “बापाने इथे यासाठी” इथवर आलो तोच आवाज जो गेला तो गेला. तोंड हलत होतं, बाहेर काही येत नव्हतं. वांदर मात्र गेले होते.

बाईंनी मला घरापुढच्या खळ्यात बसवलं, आल्याचा चहा दिला, मीठ टाकून गरम पाणी दिलं. आणि मग शेजारी पाटावर बसून त्यांनी मला एक शंका विचारली. सूचनाफलकावरचा अकरा पूर्णांक चार त्यांना ज्ञानेश्वरीने सांगितला होता. “सर, सातव्यात तुमीच सांगताव ना, येक दांडगा आकडा सगल्यांस वडून नेतो म्हनून? मंग आमचा फोन त्या अकरात धरलाव, का सोडलाव?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आवाज नव्हता. मामा, आवाज असता तर मी काहीतरी सांगितलं असतं, हे तुम्हाला प्रामाणिकपणे कबूल करतो. अपवाद, तांत्रिक बाब, पुढच्या वर्षीच्या अभ्यासक्रमात आहे, असं काहीतरी. शिक्षकाकडे असली वाक्यं तयार असतात. पण मला गप्प बसून ऐकावं लागलं, आणि ऐकता ऐकता मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी चहाचा पेला तोंडासमोर धरला. माझी चूक मला माझ्याच व्याख्यानातून कोणीतरी दाखवत होतं. सातवी शिकलेली बाई, एक पान वही नाही, आणि सरासरी कुठे फसवते हे तिला माझ्या प्राचार्यांपेक्षा चांगलं कळलं होतं, माझ्यापेक्षाही. त्याच वेळी पेल्याच्या पलीकडे मला शनिवारही दिसत होता.

घरी येऊन हिशेब मांडला. बागेतले दोन हजार नऊशे चाळीस वजा केले की उरतात सहाशे सतरा, आणि ते तीनशे अकरा मुलांत. अहवालाच्या वेळी अयूबने दिलेली आणि मी न उघडलेली यादी काढली, सगळ्यांना चढत्या क्रमाने उभं केलं आणि मधल्याला विचारलं. तो म्हणाला, दोन.

दोन, मामा. एकदा माझ्या भीतीने आणि एकदा चाचणीच्या आदल्या दिवशी.

सोमवार-मंगळवार मी अगदी नीच विचार केले, तेही सांगून टाकतो. त्या आकड्यात वांदर आहेत हे फक्त मला, सगुणाबाईंना आणि ज्ञानेश्वरीला माहीत होतं. मला पंधरा दिवस बोलायला बंदी होती. गप्प राहिलो असतो तर तो डॉक्टरांचा सल्ला पाळणं झालं असतं, खोटं बोलणं नव्हे. हा मुद्दा मी पाटीवर लिहून श्रद्धाला दाखवला. तिने चष्मा लगेच शोधला, वाचलं, पाटी पुसली आणि पत्र लिहायला हे कागद आणून ठेवले. आमच्याकडे वाद असे संपतात.

पण त्या दोनच्या नादात मी अयूबकडे बसून यंत्रातली सगळी नोंद उलगडली, आणि त्यात एक गोष्ट सापडली, ती शनिवारी तुम्ही जरूर बघा. नववं व्याख्यान. त्यात सहाव्या मिनिटाला एकशे अठरा मुलं थांबली आहेत, मागे गेली आहेत, पुन्हा तेवढंच ऐकलं आहे, कित्येकांनी चार-चार वेळा. मी ते मिनिट स्वतः ऐकलं. मलाही कळलं नाही. सव्वीस वर्षं मी ती पायरी गाळून पुढे उडी मारत होतो आणि सभागृहात समजलं का विचारत होतो, आणि तीनशे बारा मुलं आदराने हो म्हणत होती. आवाज जाण्याआधीच्या शनिवारीच त्या जागेबद्दल वर्गात एक मुलगी, मिरजोळ्याची नम्रता, उठून म्हणाली होती की सर, हे मधलं कुठून आलं, आणि मी तिला नीट ऐकून घे असं सांगून बसवलं होतं. तिने सहा वेळा नीट ऐकलं होतं. मौन सुटलं की पहिलं तिच्या बाकापाशी जाऊन ती पायरी सांगणार आहे. मुलांना कुठे अडतं हे मला आजवर परीक्षेनंतर कळायचं, ते आता आधी कळतं. एवढ्यासाठी ही योजना टिकावी असं मला मनापासून वाटतं. पण ती वांदरांच्या जोरावर टिकू नये.

मामींना नमस्कार. गुडघ्याला तिळाचं तेल कोमट करून लावावं.

तुमचा,
आत्माराम

ता. क. एवढं लिहून मुद्द्याचं राहिलंच. शनिवारच्या टिपणात दुसऱ्या पानावर अकरा पूर्णांक चार आहे, तो खोडून दोन करा, आणि खोडला कोणी व का ते माझ्या नावाने सांगा. सोबत नवव्या व्याख्यानाची नोंद मी जोडली आहे. ती बघूनही मंडळी नाही म्हणाली तर जूनपासून मी दोरी बांधीन. गाठ घट्ट मारायला मला चांगली येते.

ता. क. २. श्रद्धाने पत्र वाचलं. आठ पानांपैकी मधली सहा मौनात बसतात असं तिचं मत आहे.

ता. क. ३. आज सकाळी सगुणाबाईंचा निरोप आला आहे, तो कळवणं भाग आहे. सातव्याला वांदर आता सरावले. ओरडणं चौथ्या मिनिटाला येतं हे त्यांना पाठ झालं आहे, तिसऱ्याला उतरतात आणि पाचव्याला परत येतात. हापूस ऐन तोडणीला आला आहे, वर्षाची कमाई झाडावर लटकते आहे, आणि माझा गळा असा. बाई जानेवारीत मुलीच्या बक्षीस समारंभाला आल्या होत्या, तिथे तुमचं अध्यक्षीय भाषण त्यांनी माइक बंद पडल्यावरही मैदानाबाहेरून ऐकलं. त्यांना त्या आवाजातली बारा मिनिटं हवी आहेत. विषय कोणताही चालेल, फक्त प्रेमळ नको. शनिवारी बैठक अकराला आहे, तुम्ही दहाला जिमखान्यात या, अयूब गाद्या उभ्या करून ठेवील. हे पत्र वाचून आणि दापोली-चिपळूणला पुन्हा फोन करावे लागणार हे आठवून तुम्हाला माझा जो राग आला असेल, तो घरी मामींवर खर्च करू नका. तसाच घेऊन या.